जुन्या कॅसेटसाठी हार्ड डिस्कचा डीव्हीडी रेकॉर्डर घ्यावा का?

सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. त्याआधी जपानच्याच फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे बंद केले होते. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट कपाटात पडून असतील, तर आता घाई करायला हवी. नवे डीव्हीडी रेकॉर्डर सहसा मिळत नाहीत. निवड जुन्या यंत्रांतूनच करावी लागते.

फायदा काय?
व्हीसीआर जोडला की कॅसेट आधी हार्ड डिस्कवर उतरते. नको तो भाग कापून मग डीव्हीडी तयार करता येते. ४.७ जीबीच्या डिस्कवर एसपी मोडमध्ये सुमारे २ तास बसतात.

काय तपासावे?
• आपल्याकडच्या कॅसेट 'पाल' पद्धतीच्या असतात. जपान-अमेरिकेतील यंत्रे 'एनटीएससी'ची असल्याने ती घेताना सावध राहा.
• पिवळी-लाल-पांढरी एव्ही 'इनपुट' हवीच. नुसते 'आउटपुट' चालत नाही.
• मूळ रिमोट मागून घ्या. एडिटिंग बहुधा त्यावरूनच होते.
• विक्रेत्याला समोर एक डीव्हीडी रेकॉर्ड करून दाखवायला सांगा.

धोका कुठे?
बहुतेक रेकॉर्डरची हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडली, तरी थेट वाचता येत नाही. यंत्र बिघडले, की रेकॉर्डिंगही अडकते. त्यामुळे डीव्हीडी 'फायनलाइज' करा, नाहीतर ती दुसऱ्या प्लेअरवर चालेलच असे नाही. मग संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर एकेक प्रत ठेवा.

कॅसेट दोन-चारच असतील, तर यंत्र घेण्यापेक्षा व्हिडिओ स्टुडिओतून काम करून घेणे सोपे.