डबा धक्क्यावर ठेवा

बोटीच्या प्रवासाला निघताना बरोबर काय काय न्यावं, या प्रश्नाला आमच्या नातेवाइकांत एकच उत्तर आहे : सगळं. आमचे साडू येत्या डिसेंबरात मुंबईहून क्रूझवर निघणार आहेत. तीन रात्रींचा मामला. न्याहारी, दोन वेळचं जेवण, चार वाजताचा चहा, सगळं भाड्यात आलेलं. तरी त्यांच्या सामानाच्या यादीत दशम्या आहेत, तिखटमिठाच्या पुऱ्या आहेत, बटाट्याची सुकी भाजी आहे, भाजणीच्या चकल्या आहेत, चहासाठी विजेची किटली आहे आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन आहे. यादी वाचून मला वाटलं, ही मंडळी सहलीला निघालेली नसून एखादं ओसाड बेट वसवायला निघालेली आहेत. मी फक्त "कशाला?" एवढंच विचारलं. त्यावरून घरात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. म्हणून माझी बाजू एकदाची लिहूनच काढतो. तोंडी वादात आमच्या मेव्हणीपुढे माझं आजवर एकही वाक्य पुरं झालेलं नाही.

तेव्हा स्पष्टच सांगतो. क्रूझवर घरचा डबा नेऊ नये. आणि पाणी तर मुळीच नेऊ नये.

मी काही डब्याचा जन्मजात वैरी नव्हे. भाऊच्या धक्क्यावरून दाभोळ, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला असं करत करत पणजीला जाणारी बोट ज्यांनी अनुभवली, त्यांना शिदोरीचं मोल मी काय सांगावं! डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंकेला पाठ टेकायची आणि पोटात ढवळायला लागायच्या आत दशमी-चटणी उरकून घ्यायची. वाटेतल्या बंदरात उतरणाऱ्यांनी हेलकावणाऱ्या पडावातून किनारा गाठायचा. पुढचं जेवण केव्हा आणि कुठे, हे त्या समुद्रालाच ठाऊक. तिथे डबा म्हणजे शहाणपण होतं. पण ती बोट गेली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' आली, २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची जहाजं फिरू लागली. डेकवरची सतरंजी जाऊन खोलीत गादी आली, स्नानगृह आलं, जेवणाची दालनं आली. फक्त आमची पिशवी तेवढी तीच राहिली.

डब्याच्या वकिलांचा पहिला मुद्दा असतो, "बाहेरचं बाधतं." बहुतेक जहाज कंपन्या घरी शिजवलेलं अन्न वर चढवू देत नाहीत. त्यांना स्वतःची जेवणं खपवायची असतात म्हणून, असं साडूंचं मत. अहो, पण जेवणाचे पैसे त्यांनी तुमच्याकडून आधीच घेतलेत! तुम्ही जेवला नाहीत तर उलट त्यांचे तांदूळ वाचतील. खरं कारण निराळं आहे. हजारो माणसं चार दिवस एकाच छपराखाली राहणार. एकाचं पोट बिघडलं, की नोरोव्हायरससारखा विषाणू जिन्याच्या कठड्यावरून, दाराच्या मुठीवरून सगळ्या मजल्यांवर हिंडून येतो, आणि त्याला तिकीटही लागत नाही. म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकापासून सरकारी आरोग्य खातं तिथल्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची परीक्षा घेतं. १०० पैकी ८६ गुण मिळाले तर पास, ८५ ला नापास, आणि निकाल चव्हाट्यावर. आपल्या घरच्या ओट्याची अशी परीक्षा कुणी घेतली आहे का? घेतलीच तर किती गुण पडतील, हे मी घरात राहत असल्यामुळे सांगणार नाही.

शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ तसंच बाहेर ठेवू नये आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराहून जास्त नको, असं जाणकार सांगतात. साडूंची बटाट्याची भाजी पहाटे चारला फोडणीला पडणार, दहाला बंदरावर पोचणार आणि रात्री नवाला उघडली जाणार. ती घरची आहे म्हटल्यावर जंतू काही लाजून माघारी जात नाहीत. किटलीबद्दल तर बोलायलाच नको. जहाजावर आगीइतकी कशाची भीती नसते, त्यामुळे तापणारी उपकरणं बंदरावरच्या तपासणीत हमखास काढून घेतात.

दुसरा मुद्दा पाण्याचा. "बोटीवर पाणी टाकीतलं असतं." मग आपल्या घरी काय गंगोत्री आहे? आमच्या सोसायटीच्या टाकीत गेल्या वर्षी कबूतर सापडलं होतं. तरी ते पाणी 'आपलं'! जहाजावर इंजिनाची उष्णता वापरून समुद्राचं पाणी कमी दाबाखाली उकळतात आणि वाफ थंड करून गोडं पाणी मिळवतात, नाहीतर जबरदस्त दाब देऊन ते बारीक पडद्यातून गाळतात. मग त्यात क्षार आणि क्लोरीन घालतात. मोठी जहाजं असं शेकडो टन पाणी रोज तयार करतात. त्यात आपण वीस लिटरची भर घालणं म्हणजे समुद्राला अर्घ्य देणं झालं.

या कॅनचा वंश मात्र राजघराण्याशी जाऊन भिडतो, हे कबूल केलं पाहिजे. १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी 'ऑलिंपिया' बोटीनं विलायतेला निघाले, तेव्हा परक्यांचं पाणी नको म्हणून त्यांनी गंगाजल बरोबर नेलं. त्यासाठी घडवलेले चांदीचे रांजण जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही पाहायला मिळतात. एकेकाचं वजन ३४५ किलो, आणि पोटात सुमारे ४००० लिटर पाणी मावतं. आमच्या साडूंकडे तेवढी चांदी नाही. ते बिचारे प्लास्टिकवर भागवतात.

तिसरा मुद्दा काटकसरीचा. जहाजावर बाटलीतलं पाणी महाग असतं, हे खरं. इथे मी कंपन्यांची बाजू मुळीच घेणार नाही. नळाला चांगलं पाणी येत असताना शेजारी बाटली मांडून तिला भरमसाट किंमत लावणं हा भीतीचा व्यापार आहे. पण तो चालतो कुणाच्या जिवावर? नळाला भिणाऱ्यांच्याच ना? रिकामी बाटली न्यावी आणि जेवणघरात भरून घ्यावी, पैसाही लागत नाही. आणि जेवणाचे पैसे मोजून वर दशम्या खाणं ही कुठली काटकसर? एका भुकेला दोनदा खर्च!

चौथा मुद्दा, "आम्ही शाकाहारी. आम्हांला तिथे काय मिळणार?" ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचा एक मुलगा मुंबईहून विलायतेच्या बोटीत बसला. काटे-चमचे कसे धरायचे ते त्याला येत नव्हतं, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हणून तो आपल्या खोलीतच बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळं खात राहिला. त्याचं नाव मोहनदास गांधी. पुढे त्यानं अख्ख्या साम्राज्याला प्रश्न विचारले, पण त्या बोटीवर वाढप्याला एक प्रश्न विचारणं काही जमलं नाही. त्या मुलाचं मी समजू शकतो. पण रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी पंधरा मिनिटं हुज्जत घालणाऱ्या आमच्या साडूंना "ह्यात अंडं आहे का हो?" एवढं विचारायला काय होतं? मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी काय, जैन जेवणसुद्धा मिळतं.

आता पाचवा मुद्दा. हा कुणी मोठ्यानं मांडत नाही. आवाज जरा खाली आणून म्हणतात, "कुणाच्या हातचं असतं, कोण जाणे!"

माझं खरं भांडण या एका वाक्याशी आहे. पोट, पैसा, चव ही सगळी त्याची अंगरखी आहेत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर बहिष्काराची पाळी आली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, ते याच वाक्यापायी. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तोही याच वाक्याशी. ज्या मुलखात हे घडलं, तिथे "आपलं पाणी आपल्याबरोबर असलेलं बरं" हे बोलणं मला निव्वळ प्रकृतीच्या काळजीचं वाटत नाही. बोलणाऱ्याच्या मनात तसं काही नसेलही. आमच्या मेव्हणीच्या मनात नाही, हे मी जाणतो. पण सवयीला मन लागत नाही. ती पिशवीच्या तळाशी बसून पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करते.

तेव्हा औषधं न्या. तान्ह्या मुलाचं खाणं न्या. मधुमेह असेल तर बिस्किटं न्या. कंपनीची हरकत नसेल तर चिवड्याचं एखादं सीलबंद पाकीटही न्या, मात्र ते फोडाल तेव्हा टेबलावरच्या अनोळखी माणसापुढे आधी धरा. बाकी सगळा डबा धक्क्यावर ठेवा आणि फक्त भूक घेऊन वर चढा. तपासणीच्या यंत्रात ती दिसत नाही, आणि जहाजावर तिला कुणी अडवत नाही.

आणि पोटभर जेवून झाल्यावर, वाढणाऱ्याला त्याचं गाव विचारा. जगभरच्या जहाजांच्या मुदपाकखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या गोव्याची माणसं राबत आली आहेत. तो मडगावचा निघाला तर चकित होऊ नका. आमच्या साडूंचं आजोळ सावंतवाडीला. म्हणजे ज्याच्या हातचं नको म्हणून एवढी दशम्यांची चळत, तो गाडीनं दोन-अडीच तासांवरचा शेजारी!