तिरंगी राजा

पुण्याहून बडनेऱ्याला उतरायचं, यवतमाळकडे जाणारी एसटी पकडायची आणि नांदगाव खंडेश्वरला मामाकडे चार दिवस मस्त लोळायचं, हा माझा दरवर्षीचा फंडा. फ्रीलान्सरला सुट्टी नसते असं म्हणतात. पण मामीच्या हातच्या पातोडीपुढे डेडलाइनची काय बिशाद?

या वेळी पोचले तर घरात डिस्कशन एकच. घरच्या काळ्या-पांढऱ्या मांजरीला तीन पिल्लं झालेली. दोन आईसारखीच, तिसरं मात्र एकदम मॉडेल मटेरियल! पांढऱ्या अंगावर काळे आणि केशरी ठिगळ. त्याचं नाव राजा. मामाने शेपटी उचलून ‘बोका आहे’ असं जाहीर केलेलं आणि धान्याच्या गोदामात उंदीर फार झाले म्हणून शेजारच्या भाऊंना तो कबूलही केलेला.

मी लांबूनच म्हटलं, ‘‘मामी, हा राजा नाही. राणी आहे.’’

‘‘हात तं लावला नाई तुनं. तुले कसं कयलं वं?’’

आता मी मासकॉमवाली. बारावीनंतर बायॉलॉजीला जो रामराम ठोकला तो ठोकलाच. पण हा किस्सा एका फीचरसाठी वाचला होता. मांजराच्या केशरी रंगाचं बटण एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तो एक तर केशरी, नाही तर काळा. मांजरीकडे एक्स दोन. एकावर केशरी आणि दुसऱ्यावर काळा आला की दोन्ही रंग अंगावर दिसतात. कारण गर्भात असतानाच तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो. कुठला, ते निव्वळ नशीब. त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्या तोच निर्णय पाळतात, म्हणून ठिगळं. ब्रिटनच्या मेरी लायन यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली, तीही उंदरांच्या रंगावरून. (मांजराचं कोडं उंदरांनी सोडवलं, हे आमच्या राजाला सांगू नका.) पांढरा रंग या भानगडीत नाही. त्याचं जनुक वेगळ्याच गुणसूत्रावर आहे.

नशिबाचा भाग किती मोठा, ते टेक्सासमधल्या सीसीने दाखवलं. डिसेंबर २००१ मध्ये जन्मलेलं हे पहिलं क्लोन केलेलं मांजर. जिच्यापासून बनवलं ती रेनबो तिरंगी होती, पण सीसीच्या अंगावर केशरी औषधालाही नव्हता. कॉपी म्हणावी तर तीही धड नाही!

हे केशरी बटण नेमकं कुठलं, ते मात्र २०२५ पर्यंत सापडलं नव्हतं. त्या वर्षी जपानच्या क्युशू विद्यापीठाने आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डने ते वेगवेगळं शोधून काढलं. डीएनएचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळाला, की काळ्याच्या जागी केशरी. जपानी टीमने तर लोकांकडून वर्गणी काढून संशोधन केलं. आपल्याकडे वर्गणी म्हटलं की गणपतीच आठवतो.

तिरंगी बोका अगदीच नसतो असं नाही. साधारण तीन हजारांत एखादा सापडतो. त्याच्याकडे एक एक्स जास्तीचा असतो आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. म्हणून मी शंभर रुपयांची पैज लावली. गुरांच्या डॉक्टरांनी राजाला उलटं केलं, अर्ध्या मिनिटात निकाल. मांजरी! बाकीचे दोघं बोके.

शंभर रुपये मिळाले, पण मामला बिघडला. भाऊ म्हणाले, मांजरी नको, दर सहा महिन्यांनी पिल्लं कोण निस्तरणार? मामा म्हणाला, मग पोत्यात घालून बाजारात सोडून येऊ. अगदी सहज म्हणाला. गावात असंच करतात, त्यात त्याला काही वेगळं वाटलं नाही. मी मात्र गप्प. माझ्या शहाणपणामुळेच पिल्लाचा पत्ता कट होणार होता.

मामी भाकरी थापत होती. तिने विचारलं, ‘‘माय तं कायी हाय. मंग हा पिवया रंग आला कोठून?’’

‘‘बापाकडून. गिरणीवरचा तो केशरी बोका असणार. बोका आपला एक्स फक्त लेकींना देतो, म्हणून रंग हिलाच मिळाला. मुलांना त्याच्याकडून वाय मिळतो.’’

‘‘म्हंजे पोट्टी का पोट्टा, हे बी बापावरच?’’

‘‘हो. माणसातही तसंच.’’

भाकरी थापणारा हात थांबला. मामीला दोन मुली. दोघी नोकरीला लागल्यात, झकास चाललंय. पण धाकटी झाली तेव्हा याच घरात कोण काय बोललं होतं, ते मी आईकडून ऐकलंय. मामी मामाकडे बघत म्हणाली, ‘‘मंग तवा म्या काहून आयकून घेतलं?’’

मामाने चप्पल घातली आणि तो गिरणीवर निघून गेला. दळण नव्हतं हो!

भाऊंना काळ्या-पांढऱ्यांपैकी एक बोका दिला, दुसरा मामाच्या मित्राने नेला. तिसरं पिल्लू कुठेही जाणार नाही, असं मामीने रात्री जेवताना सांगून टाकलं. कोणी काही बोललं नाही. पाच-सहा महिन्यांची झाली की तिचं ऑपरेशन करायचं ठरलंय. खर्च अर्धा माझा, त्यात ते शंभर रुपये धरलेत. नाव मात्र मामीने बदललं नाही. ती अजूनही राजाच.