श्वानाचे नाक, कायद्याचे माप

हरिहरेश्वर - २०२३ च्या पावसाळ्यात श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर, हरिहरेश्वरसह, चरसची पाकिटे वाहून आली. हा साठा आणि घरात ओढली जाणारी गांजाची चिलीम, दोन्हींना १९८५ चा एकच अमली पदार्थविरोधी कायदा लागू होतो. त्यामुळे पोलिसांच्या श्वान पथकातील हस्तक शेजारी राहत असेल, तर गांजा ओढणाऱ्याला धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र श्वानाला वास कळतो, वजन नव्हे. कायदा वजन पाहतो. १ किलोहून कमी गांजा 'अल्प', तर २० किलोंहून अधिक 'व्यापारी' प्रमाणात मोडतो. सेवनास ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; व्यापारी साठ्यास किमान १० वर्षे सक्तमजुरी.

श्वानाने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फारसे महत्त्व देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील दफेदार खटल्यात १९६९ मध्येच म्हटले आहे. वासाने संशय बळावतो. गुन्हा सिद्ध करण्यास जप्ती किंवा वैद्यकीय तपासणी लागते.

व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासनमान्य रुग्णालयात उपचार पूर्ण केल्यास कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. शेजारच्या श्वानाला चुकवत जगण्यापेक्षा ही वाट हिताची. पोलिसांनीही श्वानाचे नाक चिलमीपेक्षा किनाऱ्याकडे वळवणे अधिक गरजेचे आहे.