एक्सल कोणी काढावा?

वळण घेताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज येऊ लागला, तरी बहुतेक गाडीवाले ते दुखणे काही आठवडे अंगावरच काढतात. सोसायटीच्या तळघरातून रॅम्पवर चढताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की आवाज येतो, सरळ रस्त्याला लागले की थांबतो. त्यामुळे चालून जाते. एक्सलच्या बाहेरच्या टोकाला असलेल्या सांध्यावरचा रबरी बूट तोवर बहुधा केव्हाच फाटलेला असतो. आतले ग्रीस रिमच्या मागच्या बाजूला उडालेले असते आणि त्याच्या जागी पावसाळ्यातला चिखल जाऊन बसलेला असतो. बूट फाटल्याचे वेळीच ध्यानात आले तर नवा बूट आणि नवे ग्रीस एवढ्यावर भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र सांधा, नाहीतर अख्खा एक्सलच बदलावा लागतो. कोणत्याही वाटेने गेले तरी एक्सल बाहेर काढणे सहसा टळत नाही. मग तो काढायचा कोणी?

अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. त्या गाड्यांना मागची चाके ढकलत. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि ओढण्याचे काम पुढच्या चाकांकडे गेले. 1998 मध्ये पिंपरीच्या कारखान्यातली इंडिका आली, तीही पुढच्या चाकांनी ओढणारी. आज पुण्यातल्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच घडणीच्या आहेत. म्हणजेच जे चाक वळते, तेच ओढते आणि खड्ड्यातही तेच आधी आपटते.

स्वतः काम करणाऱ्यांची बाजू आधी पाहू, कारण ती वाटते त्याहून भक्कम आहे. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, कृती दाखवणारे व्हिडिओ घरोघरी आहेत, आणि आपल्या गाडीची हाडे-सांधे माहीत असणारा माणूस ती नीट चालवतो. यात कळायला कठीण असे फार थोडे आहे. हबचा मोठा नट गाडी जमिनीवर उभी असतानाच ढिला करायचा. घोडीवर चढवून त्याच्यावर जोर लावला तर गाडी घोडीवरून खाली येऊ शकते. नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. मग मागच्या चाकांना अडण लावायची, जॅकने गाडी उचलून पुस्तकात दाखवलेल्या जागी घोड्या लावायच्या आणि गिअरबॉक्सचे तेल काढायचे. खालचा बॉल जॉइंट सोडवला की हब बाजूला घेता येतो. मात्र त्याचे वजन ब्रेकच्या होजवर किंवा एबीएसच्या वायरवर लटकू द्यायचे नाही. आतले टोक पहारीने हलकेच सरकवायचे. मधला दांडा धरून ओढला तर आतला सांधा निखळतो.

बसवताना खरी कसोटी लागते. आतल्या टोकाची सर्क्लिप नवी हवी, ऑइल सीलच्या ओठाला तेलाचा हात हवा, आणि दातेरी टोक सीलला न घासता सरळ आत जायला हवे. क्लिप बसल्याचा ठोका हाताला कळतो, तरी सांध्याची वाटी धरून एकदा ओढून पाहायची. हबचा नट नवाच घ्यायचा. त्याचा ताण अनेक छोट्या गाड्यांत 200 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला 20 किलो वजन टांगावे तेवढा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो अंदाजपंचे ठरवण्यासारखा नाही. याच नटाने चाकाचे बेअरिंग आवळलेले असते. नट ढिला राहिला तर बेअरिंग जाते आणि पुढे चाकच हातचे सुटू शकते. एक्सल काढलेला असताना गाडी चाकावर उतरवून ढकलणेही याच कारणाने टाळायचे.

याच्या विरोधात सांगण्यासारखे एकच आहे, पण ते सगळ्यांवर भारी आहे: निम्मे काम हजारभर किलोच्या गाडीखाली हात घालून करायचे असते. पुण्यातल्या पार्किंगला उतार असतो, फरशी गुळगुळीत असते आणि अनेकांकडे गाडीबरोबर आलेल्या जॅकपलीकडे काही नसते. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई करणाऱ्या सोसायट्यांना सरसकट दोष देणे म्हणूनच योग्य नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या मेस्त्रीला हात बसलेला असतो, आणि आपण शेजारी उभे राहून काम पाहू शकतो. हे दुसरे आम्हाला मोलाचे वाटते. पण तिथेच जुना नट परत चढतो, एअर गन थांबेपर्यंत आवळली जाते आणि त्यालाच ताण म्हटले जाते. एक्सल निघत नसेल तर आट्यांवर हातोडी पडते. याचा सगळा ठपका मेस्त्रीवर ठेवता येणार नाही. स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. पुढे अपिले झाली, दंडाचे चित्र बदलले. पण ज्याच्या हातात आकडाच पोचला नाही, त्याने तो पाळला नाही म्हणून कसे रागवायचे?

कंपनीच्या वर्कशॉपात आकडा असतो, लिफ्ट असते, कामाची हमी असते. पैसे जास्त जातात. बूट बदलून भागणार असताना अख्खा एक्सल बदलण्याचा सल्लाही मिळू शकतो. तेव्हा सांधा उघडून दाखवा असे म्हणायला संकोचू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर वर्कशॉप गाठावे, यात दुमत नसावे. त्यानंतर आमचा कौल कोपऱ्यावरच्या गॅरेजाला आहे, पण अटींवर. घरचे काम ज्याच्याकडे सपाट पक्की जमीन, दोन घोड्या, टॉर्क रेंच आणि सोबतीला एक माणूस आहे, त्यानेच करावे. यातली एक गोष्ट कमी असली तरी हात घालू नये. आणि कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलच्या नटांचे ताण मराठीत, कुणालाही फुकट वाचता येतील असे जाहीर करावेत. यात त्यांचे काहीच जात नाही.

वाचकांनी एवढे करावे: गॅरेजात किल्ली देण्याआधी घोड्या कुठे आहेत ते पाहावे, नवा नट आणला का ते विचारावे आणि तो कितीवर आवळणार हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नावर जो मेस्त्री पुस्तक किंवा मोबाइल उघडून आकडा शोधतो, त्याच्याकडे गाडी निर्धास्त सोपवावी.