रिकामा म्हणजे आळशी नव्हे

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण रिकामटेकड्यांना हिणवण्यासाठी वापरतो. ती नीट पाहिली तर त्या न्हाव्यावर अन्याय झाला आहे. तुंबडी म्हणजे अंगातले बिघडलेले रक्त ओढून काढण्याचे पोकळ शिंग किंवा भोपळ्याचे पात्र. कातडीला फासण्या मारायच्या, वर तुंबडी ठेवायची, आतली हवा ओढून ती घट्ट बसवायची. हे कसबाचे काम हजामतीबरोबर न्हावीच करत असे. म्हणीतल्या न्हाव्यापाशी अवजार आहे, हातात कसब आहे आणि करण्याची ओढ एवढी, की माणूस नाही तर भिंत तरी. त्याच्यापाशी नाही ते फक्त गिऱ्हाईक. म्हणीने त्याला ‘रिकामा’ म्हटले, ‘आळशी’ म्हटलेले नाही. तो अर्थ आपण मागाहून चिकटवला.

यावर नेहमीचे उत्तर असे, की शब्दच साक्ष देतात: ‘बेकार’ म्हणजे ज्याला ‘कार’, म्हणजे काम नाही तो, आणि काम करणाऱ्याला काम मिळतेच. फारसीतली ती फोड बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. काम नसणे आणि काम टाळणे यांसाठी मराठीने वेगळे शब्द ठेवले आहेत. आळशी, अंगचोर, कामचुकार हे स्वभावाचे शब्द. कामचुकार व्हायला तर आधी काम असावे लागते. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाराही कामचुकार असू शकतो. त्यांच्या विरुद्ध उभा राहतो तो उद्योगी. बेकारीचा विरुद्धार्थी शब्द मात्र रोजगार, आणि रोजगार देणारा दुसरा कोणी तरी असावा लागतो. १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतले हजारो गिरणी कामगार बेकार झाले. पाळ्यांवर पाळ्या करणारे हे हात एका वर्षात आळशी झाले असे कोण म्हणेल? १९७२च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला, नालाबांधावर माती टाकायला रांगेने आली. पुढे १९७७मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, ‘मागेल त्याला काम’ हे त्याचे सूत्र. आळशी माणूस खडी फोडायचे काम मागायला जात नाही. काम मागूनही न मिळणारी माणसे आहेत, हे त्या कायद्याने मान्य केले. उलट वेठबिगाराकडे हाडे मोडेपर्यंत काम असते आणि हाती मजुरी येत नाही. ती पद्धत १९७६मध्ये कायद्याने बंद करावी लागली. काम आणि रोजगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला आणखी कोणता पुरावा हवा?

ही गल्लत सर्वांत महागात पडते ती घरात. बायको काय करते, या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर आजही सहज येते. तीच भांडी पगारावर येणारी बाई घासते तेव्हा तिला आपण कामवाली म्हणतो. राज्याने २००८मध्ये तिच्यासाठी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही केला. भांडी तीच, राख-साबण तोच, मोरीही तीच. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यातली दिवसाची सरासरी २९९ मिनिटे भरली, अशा पुरुषांची ९७. पाच तास राबणाऱ्या बाईला ‘काही करत नाही’ म्हणणे हे मराठीच्याही विरुद्ध आहे. जेवणखाण, झाकपाक उरकून पाठ टेकताना ती म्हणते, “झाले बाई, आता रिकामी झाले.” तिच्या तोंडी रिकामी म्हणजे काम संपवलेली.

कोणी म्हणेल, सगळ्यालाच काम म्हटले तर आळशाला आडोसा मिळेल आणि हिशेबही बिघडेल. आळशासाठी शब्द आहेत, ते खुशाल वापरावेत. हिशेबाबद्दल एवढेच, की मिळकत वेगळी मोजायला हरकत नाही, पण मिळकत नाही म्हणून कामच नाही असे लिहिणे हा खोटा हिशेब आहे. जनगणनेची व्याख्यासुद्धा आपल्या बोलण्यापेक्षा उदार आहे. स्वयंपाक-धुणीभांडी ती कामात धरत नाही, आणि ते बदलायला हवेच. पण घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणे तिला काम म्हणून मान्य आहे, घरापुरते दूध काढणेही. तरी अशा कितीतरी बाया ‘काम न करणाऱ्या’ रकान्यात जातात, कारण दारात आलेल्या प्रगणकाला घरचा पुरुष सांगतो, ‘ती काही करत नाही.’ पुढच्या वेळी प्रगणक दारात येईल तेव्हा हे उत्तर देऊ नका. ती गोठ्यात काय करते, शेतात काय करते ते सांगा, आणि शक्यतो तिलाच सांगू द्या.