दुधाचे पैसे कुणाचे?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. धाकट्याच्या दुधासाठी म्हणून कुणी तुमच्या हातात पैसे ठेवले, तर ते तुमचे झाले का? तुम्ही म्हणाल, छे, ते तर दुधातच जायचे! आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला मात्र ते उमजायला 2021चा ऑगस्ट उजाडावा लागला.

तिथे अठरा वर्षांखालच्या गरीब मुलांसाठी सरकार दरमहा अनुदान देतं. मूल ज्याच्याकडे वाढतं त्याच्या हाती ते पडतं, म्हणजे बहुधा आईच्या, नाहीतर आजीच्या. करोनाच्या टाळेबंदीत हातची कामं गेली, तेव्हा मे 2020 मध्ये बेकारांसाठी महिना 350 रँडची नवी मदत सुरू झाली. अट अशी, की अर्जदाराला दुसरं कुठलं सरकारी अनुदान मिळत नसावं. झालं! पोराचं अनुदान आईच्या नावावर येतं ना, मग आई बाद. पहिल्या फेरीत हे पैसे घेणाऱ्यांत पुरुषच जास्त निघाले, यात नवल ते काय? पोरं सांभाळणाऱ्यांना जून ते ऑक्टोबर 2020 महिना 500 रँड निराळे दिले, हे खरं. पण पुढे तेही थांबले. आणि एप्रिल 2021 अखेर ते 350सुद्धा बंद झाले.

त्यानंतर आला जुलै. माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा तुरुंगात गेले आणि क्वाझुलू-नाताल व गाउटेंग या प्रांतांत जाळपोळ, लुटालूट उसळली. तीनशेहून अधिक माणसं गेली. दुकानं आणि गोदामं बेचिराख झाली. गांधीजींमुळे आपल्या ओळखीचं झालेलं डरबन. त्या शहरात पावासाठी रांगा लागल्या.

25 जुलैला राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी मदत जाहीर केली. तिकडे दंगलीचं नुकसान साध्या विम्यात धरत नाहीत. त्यासाठी 'सास्रिया' ही सरकारी विमा कंपनी आहे, सोवेटोच्या उठावानंतर 1979 मध्ये काढलेली. तिला भरपाईसाठी 390 कोटी रँड दिले. मालकांना कराचे हप्ते लांबवून मिळाले. दारूवाल्यांनाही, बरं का! विमा नसलेल्यांनाही मदत करू, असं सांगितलं. पण पदपथावर भाजी मांडणारीने आपलं किती जळलं, हे कुठल्या कागदावर दाखवायचं?

कामगारांना बेकारी विम्याच्या निधीतून पगाराचा काही भाग मिळणार होता. त्यासाठी मालकाने आधी नोंद केलेली हवी. घरकाम करणाऱ्या बायका 2003 पासून त्या विम्यात येतात. पगाराचा एक टक्का तिने भरायचा, एक टक्का मालकिणीने. करोनाच्या वेळी कित्येकींना कळलं, की आपल्या बाईसाहेबांनी नोंदच केलेली नाही. हसू नका. आपल्याकडे एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने घरेलू कामगारांना 1500 रुपये जाहीर केले, तेही नोंदणी झालेल्यांनाच. तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना तेव्हा विचारलं होतंत का, 'नाव आहे ना तुमचं?'

आता त्या 350 रँडांकडे वळू. रामाफोसांनी ते मार्च 2022 पर्यंत पुन्हा सुरू केले, आणि या वेळी मुलांचं अनुदान घेणाऱ्या बेकार बायकांनाही दार उघडलं. अर्ज ऑगस्टपासून. पोराचे पैसे पोराचे आणि आईचे पोट वेगळे, हे सरकारदरबारी एकदाचं मान्य झालं.

पण आपण बायका हिशेब केल्याशिवाय उठत नाही. त्यांच्याच सांख्यिकी खात्याने 2021 मध्ये सांगितलं होतं, की एका माणसाच्या महिन्याच्या नुसत्या अन्नाला किमान 624 रँड लागतात. मुलाचे 460 आणि आईचे 350, मिळून 810. खाणारी तोंडं दोन, म्हणजे हवेत 1248. तूट 438ची. त्यात साबण नाही, रॉकेल नाही, दवाखान्याला जायचं भाडं नाही. ती आई आधी कुणाच्या ताटातलं कमी करत असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

एप्रिल 2024 मध्ये 350 चे 370 झाले. चार वर्षांत वीस रँड!