मुलांसाठी लिहिलेले नाताळगीत आणि मोठ्यांची श्रद्धा #थ्रेड

१/ लहान मुलाला श्रद्धा समजावून सांगावी कशी? सेसिल फ्रान्सिस हम्फ्रीज या आयरिश तरुणीचा बालगीतसंग्रह १८४८ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती मुलांना जो विश्वासांगीकार पाठ करावा लागे, त्यातील वाक्यांचा अर्थ तिने गीतांतून उलगडला. येशूच्या जन्माच्या वाक्यासाठी लिहिले ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’.

२/ या गीतात जड सिद्धान्त नाहीत. गोठा, गव्हाण, आई आणि तान्हे बाळ आहे. मात्र मुलांनी सौम्य व आज्ञाधारक असावे, हा उपदेशही आहे. व्हिक्टोरियन घरातील शिस्त देवाच्या नावाने मुलांच्या गळी उतरवली, हा आक्षेप खोडून काढता येत नाही. (याच संग्रहातील दुसऱ्या एका गीतात गरीब-श्रीमंतांची पायरी देवानेच ठरवल्याचे कडवे आहे; पुढे अनेक गीतसंग्रहांनी ते वगळले.)

३/ तरीही गीत टिकले. त्याचे श्रेय उपदेशाला नव्हे, गायनाला द्यावे लागेल. १८४९ मध्ये हेन्री गॉन्टलेट यांची चाल आली. महायुद्धात लष्करी धर्मोपदेशक राहिलेल्या एरिक मिल्नर-व्हाइट यांनी १९१८ च्या नाताळात केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात वाचन व गीतांची उपासना सुरू केली. १९१९ पासून तिचा आरंभ याच गीताने होतो.

४/ पहिले कडवे एकटा मुलगा वाद्याच्या साथीविना गातो. मोठ्यांनी मुलाला शिकवण्यासाठी रचलेले गीत तिथे मूलच मोठ्यांना ऐकवते. दुसऱ्या कडव्याला गायकवृंद येतो. सभेतील वडीलधाऱ्यांचा सूर लागतो तो त्यानंतर.